पेडल कडक झालं म्हणून खूश झालो आणि तिथेच फसलो : किट कारच्या ब्रेक मास्टर सिलिंडरची एक केस

आधी गाडीबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन सीटची किट कार आहे, वजन सहाशे-साडेसहाशे किलो, मी बांधलेली नाही, दुसऱ्याने बांधून बरीच वर्षं वापरून मग माझ्याकडे आली. चारही चाकांना डिस्क, ब्रेकला सर्वो (पायाचा जोर वाढवणारी मदत) नाही. पेडलच्या पुढे दोन वेगवेगळे मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारे), एक पुढच्या चाकांचा, एक मागच्या चाकांचा, आणि पेडलमधून आडवा गेलेला बॅलन्स बार. हा बार म्हणजे तराजूची दांडी समजा, पायाचा जोर मधोमध येतो आणि दोन टोकांच्या दोन पुशरॉडना (सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्यांना) वाटला जातो, दांडीचा टेकू थोडा इकडे-तिकडे सरकवला की वाटणी बदलते. नेहमीच्या गाडीत एकाच सिलिंडरमध्ये पुढेमागे दोन पिस्टन असतात, इथे तसं नाही, इथे दोन सिलिंडर स्वतंत्र आहेत आणि त्यांचा बोर, म्हणजे आतला व्यास, वेगवेगळा असू शकतो. हे शेवटचं वाक्य मला तेव्हा कोणी कानात ओरडून सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

तक्रार साधी होती. गाडी उभी करून ब्रेकवर पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली जायचं. दाबलं की लागायचं, पुन्हा दाबलं की वर यायचं, पण धरून ठेवलं तर बसत बसत जायचं. पहिले काही दिवस मी "पाईपमध्ये हवा असेल" म्हणून दुर्लक्ष केलं (करू नका). मग एकदा पायाखालच्या पत्र्यावर हात फिरवला तर ओलं लागलं आणि तिथला रंग फुगून सुटा झालेला. ब्रेक ऑइल रंग खातं हे माहीत असेलच, त्यामुळे गळती कुठून आहे ते शोधायला टॉर्चपेक्षा खराब झालेला रंग जास्त उपयोगी पडतो. माग काढत वर गेलो तर एका सिलिंडरच्या रबरी बुटातून थेंब येत होता.

बॅलन्स बारवाल्या गाडीत कुठला सिलिंडर गेलाय ते बघायची एक सोपी पद्धत आहे. पेडल बॉक्सवरचा पत्रा काढायचा (माझ्याकडे तो पॉप रिव्हेटने बसवलेला होता, अठरा रिव्हेट ड्रिल केले, बांधणाऱ्याला मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही), कोणालातरी पेडल दाबून धरायला सांगायचं आणि बारकडे बघत बसायचं. ज्या सिलिंडरचं सील आतून ऑइल सोडतंय त्याचा पुशरॉड हळूहळू पुढे सरकतो आणि बार तिरका होत जातो. माझा भाचा पेडलवर होता, मी टॉर्च घेऊन उलटा लटकलेला, तो म्हणतोय "मामा, जातंय खाली, जातंय", आणि मला डावीकडचा रॉड सरकताना स्पष्ट दिसतोय. पाईपचा माग काढला तर डावीकडचा पुढच्या चाकांचा निघाला. असं प्रत्येक गाडीत असेलच असं नाही, त्यामुळे पाईप कुठे जातो ते बघूनच ठरवा आणि टेप लावून नाव लिहून ठेवा.

सिलिंडर उघडला. आत बोरमध्ये तळाच्या बाजूला खड्डे पडलेले, नखाला लागतील एवढे. हे बहुतेक पाण्यामुळे होतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ते वर्षानुवर्षं बदललं नाही की आतून गंज धरतो. नवीन सील टाकून चालवायचा मोह झाला होता, पण खड्डे पडलेल्या बोरमध्ये नवं सील पण लवकरच फाटणार, आणि ॲल्युमिनियमचा बोर घासून गुळगुळीत करायच्या फंदात मी पडत नाही, वरचा कडक थर गेला की तो किती टिकेल याचा भरवसा नसतो. आणि एक गेलाय म्हणजे त्याच वयाचा दुसराही रांगेत असणार, म्हणून दोन्ही बदलायचं ठरवलं.

आता खरी चूक. नवीन मागवताना मी काय काय मोजलं? बसवायच्या दोन बोल्टमधलं अंतर मोजलं, लांबी मोजली, पुशरॉडची जाडी मोजली, ऑइलचं भांडं वर बसतं का बाजूला ते बघितलं. बोर मोजला नाही. खोटं वाटेल, पण उघडलेला सिलिंडर समोर होता, व्हर्नियर हातात होतं आणि तरी नाही मोजला. बाहेरून दोन्ही सिलिंडर हुबेहूब सारखे दिसत होते, वर काळा रंग मारलेला, त्यामुळे दोन्ही सारखेच असं डोक्यात बसलं. या प्रकारात ०.७५ इंच बऱ्यापैकी कॉमन म्हणून दोन्ही ०.७५ मागवले. आले, बोल्टवर अगदी बरोबर बसले, झालं, मला वाटलं जमलं.

बसवतानाच्या भानगडी थोडक्यात सांगतो, कारण त्यातली एक जीवावर बेतणारी आहे. जुन्या पाईपचे नट ३/८ यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्याचे होते, म्हणजे ९.५२५ मिमी व्यास आणि इंचाला २४ आटे. नव्या सिलिंडरचं तोंड एम १० चं, म्हणजे १० मिमी मापाचं, १ मिमी पिचचं (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). पिच जवळजवळ सारखाच (२४ आटे म्हणजे १.०५८ मिमी) आणि व्यास जरा कमी, म्हणून जुना नट नव्या तोंडात हाताने छान फिरत जातो, जरा हलतो पण जातो, आणि मग पाना लावला की घट्ट झाल्यासारखा वाटतो. तो घट्ट झालेला नसतो, तो आट्यांच्या टोकांवर कसाबसा धरून असतो, आणि जोरात ब्रेक मारला की सुटू शकतो. मला तो हाताने घालताना वाजतोय असं वाटलं म्हणून थांबलो आणि पिच गेज लावला. मग पाईपच्या टोकांना नवे नट आणि नवे फ्लेअर (पाईपचं फुलवलेलं टोक) केले. फ्लेअर पण दोन जातीचे असतात, दुहेरी दुमडलेला आणि बुडबुड्यासारखा गोल, सिलिंडरच्या आतली बैठक ज्या जातीची असेल तोच करायचा, दुसरा केला तर कितीही आवळा, पाझरणारच.

पुशरॉडचंही तसंच. जुन्या क्लेव्हिसचे (रॉड बारला जोडणाऱ्या तुकड्याचे) आटे ५/१६ यूएनएफ, नवे रॉड एम ८. इथे निदान फरक लगेच कळतो, जातच नाही. एम ८ चे क्लेव्हिस घेतले, रॉड लांब होते ते कापले. कापताना एवढंच बघा की क्लेव्हिसमध्ये किमान रॉडच्या जाडीपेक्षा जास्त आटे धरतील, मी १२ मिमी ठेवले, आणि लॉकनटला जागा उरली पाहिजे.

हवा काढायच्या आधी सिलिंडर टेबलावरच भरून घेतले, शेंड्याला छोटी नळी लावून ती परत भांड्यात सोडायची आणि पिस्टन हळूहळू दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. हे टाळलं तर नंतर अर्धा दिवस जातो, विशेषतः सिलिंडर पुढच्या टोकाला वर उचललेला असेल तर, कारण हवा तिथेच जाऊन बसते आणि चाकापर्यंत येतच नाही. तसं झालंच तर गाडीचं मागचं टोक जॅकने उचला, सिलिंडर आडवा होतो आणि हवा भांड्याकडे पळते. ऑइल डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत), नवीन डबा, आजच फोडलेला. अर्धा वापरून ठेवलेला डबा मी ब्रेकसाठी वापरत नाही. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशाला उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हद्द १५५ वर येते. आणि आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण ते ऑइल नाहीये, कोणी खरंच ऑइल, म्हणजे इंजिनचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं ओतलं तर सगळी रबरं फुगून बाद होतात.

बॅलन्स बार असेल तर हवा काढताना पुढचा एक निपल (चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू) आणि मागचा एक निपल एकाच वेळी उघडायचा. एकच उघडला तर त्या बाजूचा रॉड एकदम पुढे धावतो, दुसरीकडे दाब अडलेला, बार पूर्ण तिरका होऊन अडकतो आणि सिलिंडरला पूर्ण स्ट्रोकच मिळत नाही. म्हणजे तीन माणसं लागतात. भाचा पेडलवर, त्याचा मित्र मागे, मी पुढे. "दाब... धर... सोड" असं तासभर चाललं आणि मागचा पोरगा प्रत्येक वेळी सोडल्यावर निपल बंद करत होता हे मला चौथ्या फेरीला कळलं. असो.

झालं, आणि पेडल काय सांगू, दगड. आधी पेडल बरंच खाली जायचं, आता दीड-दोन इंचात कडक. मी इतका खूश की भाच्याला बोलावून दाबायला लावलं, "बघ, याला म्हणतात ब्रेक". तोही म्हणाला, "मामा, मस्त झालंय". आम्ही दोघंही चुकत होतो.

रस्त्यावर न नेता आधी मोकळ्या मैदानात नेली, एवढी एक अक्कल दाखवली. सावकाश ब्रेक लागले, पण जोर खूप लावावा लागत होता. नवीन आहे, पॅड बसायचे असतील असं मनाला समजावलं (पॅड जुनेच होते, काय बसायचे होते देव जाणे). मग ताशी ४० च्या आसपास जरा जोरात दाबला आणि मागची चाकं लॉक झाली, मागचं टोक बाजूला गेलं, गाडी पाव गिरकी घेऊन थांबली. मैदान होतं म्हणून काही झालं नाही. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरते, वळत नाही पण निदान तोंड पुढे राहतं. मागची आधी झाली तर शेपूट पुढे यायला बघतं आणि मग स्टिअरिंगचा फारसा उपयोग उरत नाही. म्हणून पुढची आधी, हा नियम.

पहिला संशय बॅलन्स बारवर. पण सिलिंडर बदलताना टेकूला मी हातही लावला नव्हता, लॉकनटवरची जुनी रंगाची खूण तशीच होती. मग पुढच्या कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) हवा? परत काढली, एक बुडबुडा नाही. पॅडवर ऑइल सांडलं का? नाही. दोन दिवस असेच गेले.

उत्तर कुठे मिळालं तर जुन्या सिलिंडरच्या ट्रेमध्ये. काढलेले दोन्ही सिलिंडर मी तसेच ट्रेमध्ये टाकून ठेवले होते, त्यांच्यातून झिरपलेलं ऑइल खाली साठलं आणि वरचा काळा रंग सालीसारखा सुटला. उचलून पुसले तर धातूत कोरलेला आकडा समोर, एकावर .६२५, दुसऱ्यावर .७०. ज्या गळतीमुळे हे सगळं सुरू झालं तिनेच शेवटी आकडा वाचून दाखवला. व्हर्नियर लावलं, १५.९ मिमी आणि १७.८ मिमी, बरोबर. लहान बोर पुढच्या चाकांना, मोठा मागच्या.

आता हिशोब बघा, हा सगळ्या केसचा जीव आहे. समजा पायाने ३० किलोचा जोर दिला. माझ्या पेडलचं प्रमाण ५ ला १, म्हणजे बारवर १५० किलो. टेकू मधोमध असेल तर प्रत्येक पुशरॉडला ७५. आता दाब म्हणजे जोर भागिले पिस्टनचं क्षेत्रफळ. ०.६२५ चं क्षेत्रफळ १.९८ चौरस सेंमी, ०.७० चं २.४८, आणि ०.७५ चं २.८५. जुन्या जोडीत पुढे ३७.९ किलो प्रति चौसेंमी दाब मिळत होता आणि मागे ३०.२. मी बसवलेल्या जोडीत दोन्हीकडे २६.३. म्हणजे पुढचा दाब ३० टक्क्यांहून जास्त पडला आणि मागचा जेमतेम १३ टक्के. पुढच्याला मागच्यापेक्षा पाव पट जास्त दाब मिळावा म्हणून बांधणाऱ्याने दोन वेगळे बोर टाकले होते, मी ते एका फटक्यात सारखे करून टाकले. आकार फक्त पाव इंचाच्या अर्ध्याने बदलला, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं ना, तिथेच गंमत होते.

आणि पेडल कडक का झालं? मोठा पिस्टन कमी सरकून तेवढंच ऑइल ढकलतो. पुढच्या कॅलिपरना समजा २ घन सेंमी ऑइल लागतं, तर ०.६२५ चा पिस्टन १० मिमी सरकेल, ०.७५ चा ७. पेडलवर ते पाचपट, ५० च्या जागी ३५ मिमी. म्हणजे पेडल छोटं आणि दगडासारखं लागतं, पायाला वाटतं ब्रेक सुधारले, आणि प्रत्यक्षात दाब कमी झालेला असतो. मऊ पेडल वाईट हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की कडक पेडलवर कोणी संशयच घेत नाही.

बार सरकवून भागलं असतं का, हा प्रश्न मलाही पडला, कारण परत सिलिंडर मागवायचा कंटाळा. गणित केलं. दोन्ही ०.७५ ठेवून पुढे-मागे जुनंच प्रमाण आणायचं तर जोराची वाटणी साधारण ५५.६ आणि ४४.४ अशी करावी लागेल. बार तेवढा सरकतो. पण तरी पुढचा दाब २९.३ च येतो, ३७.९ नाही. पूर्वीएवढा ब्रेक लागायला ३० च्या जागी ३९ किलोचा जोर लावायचा, तोही दर वेळी. शिवाय बार एका बाजूला एवढा सरकवून ठेवला की पुढे टायर किंवा पॅड बदलल्यावर जुळवून घ्यायला जागा उरत नाही. मुकाट्याने ०.६२५ आणि ०.७० मागवले.

दुसऱ्यांदा बसवायला पहिल्यापेक्षा निम्मा वेळ लागला. आणि तरीही एक चूक केलीच. पेडल आता थोडं जास्त खाली जाणार हे माहीत होतं, म्हणून ते जरा वर यावं यासाठी मी पुशरॉड क्लेव्हिसमधून थोडे बाहेर काढून लांब केले. गाडी काढली, मैदानात ब्रेक अगदी झकास, पुढची आधी लॉक, मागची नंतर. वीसेक मिनिटं फिरवली तर गाडी जड वाटायला लागली, सोडली तर लोळतच नाही, पुढच्या चाकांतून वास.

पुढची चाकं धरून बसली असतील तर दोष कुठे आहे ते ओळखायची एक रीत आहे. गाडी स्टँडवर, चाक हाताने फिरत नाहीये. आधी मास्टर सिलिंडरवरचा पाईप नट अर्धा आटा सैल करा. चाक सुटलं तर दाब सिलिंडरमध्येच अडकलाय. नाही सुटलं तर कॅलिपरचा निपल उघडा, आता सुटलं तर मधला रबरी होज आतून बंद झालाय. तरीही नाही तर कॅलिपरचा पिस्टनच जाम आहे. माझं चाक पहिल्याच पायरीला सुटलं.

कारण असं, की पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला पाहिजे, तेव्हाच भांड्याकडे जाणारं बारीक छिद्र उघडं पडतं. पुशरॉड जरा लांब झाला तर पिस्टन एखादा मिलिमीटर पुढेच राहतो, सील त्या छिद्रावर बसतं, ऑइल तापून फुगतं पण परत जायला वाटच नाही, म्हणून ते पॅड दाबतं, पॅडमुळे आणखी तापतं, आणखी फुगतं. थंड गाडीत सगळं ठीक, गरम झाली की स्वतःच ब्रेक मारून बसते. दोन्ही रॉड कमी केले, आता प्रत्येक रॉड बोटाने हलवला तर पिस्टनला लागायच्या आधी १ मिमी मोकळा सरकतो, पेडलवर ते साधारण ५ मिमी दिसतं. दोन्ही रॉड वेगवेगळे तपासायचे, कारण बारमुळे एक मोकळा आणि दुसरा अडकलेला असं होऊ शकतं आणि पेडलवर काही कळत नाही. छिद्र उघडं आहे का ते बघायला भांड्याचं झाकण काढून पेडल अगदी हलकं दाबायला सांगा, पहिल्या क्षणी ऑइलमध्ये बारीक उसळी दिसली पाहिजे. डोळे लांब ठेवा, चष्मा घाला. पेडलची उंची हवी असेल तर पेडलचा स्टॉप बदला, रॉड नाही.

बारचीही एक गोष्ट. पाय ठेवलेला नसताना बार थोडा तिरका दिसला तरी चालतो, जोर लागल्यावर तो पुशरॉडना काटकोनात यायला हवा. म्हणून दोन्ही क्लेव्हिसची लांबी पेडल दाबून धरून जुळवली, सोडून नाही. क्लेव्हिस आणि पेडलच्या नळीमध्ये थोडी फटही ठेवली, अगदी चिकटवले तर बार तिरका होताना अडकतो आणि एक सर्किट फेल झालं तर दुसरंही धड चालत नाही, मग दोन सिलिंडर ठेवण्याचा उपयोग काय.

शेवटच्या तपासण्या : पेडलवर पूर्ण ताकदीने एक मिनिट उभा, सगळे नट कोरड्या कागदाने पुसून बघितले, डाग नाही. मग चारही चाकं वर, भाचा हळूहळू पेडल दाबतोय, मी आणि त्याचा मित्र एकेक चाक फिरवतोय, पुढचं आधी जड झालं आणि मागचं नंतर. हे उभ्या गाडीत असतं, वजन पुढे सरकत नाही, त्यामुळे ही फक्त सुरुवातीची खात्री, खरी परीक्षा मैदानातच. तिथे ताशी ३०, ४०, ५० असं वाढवत गेलो, प्रत्येक वेळी पुढची आधी लॉक. मग टेकूचा लॉकनट आवळून त्यावर नवी खूण केली.

दोनशे किलोमीटरनंतर पत्रा परत उघडला (आता रिव्हेट नाहीत, स्क्रू लावलेत), सगळं कोरडं, रॉडची मोकळीक तेवढीच १ मिमी. पत्र्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलंय : डावा पुढचा ०.६२५, उजवा मागचा ०.७०, पाईप एम १०, रॉड एम ८. भाच्याने त्याखाली खिळ्याने ओरखडून भर घातलीय, "कडक पेडल = मामाला विचारू नका". तो पत्रा मी अजून रंगवलेला नाही.